डबा साफ

काकूंची गाडी सोमवारी नापास झाली, मंगळवारी नापास झाली आणि बुधवारी तर आधीच्या दोन्ही दिवसांपेक्षा मोठ्या आकड्याने नापास झाली. म्हणजे दोन दिवस जी काही दुरुस्ती केली, तिने गाडी सुधारायची सोडून बिघडवलीच होती.

काकू म्हणजे गाडीवाल्या काकू. नऊ मुलांना घरून शाळेत आणि शाळेतून घरी पोचवायचं, हे त्यांचं काम. आधी नवरा हे काम करायचा. तो गेल्यावर महिनाभर गाडी दारात उभी होती, आणि एके दिवशी काकूंनी किल्ली उचलली ती उचललीच. नऊ मुलांमधलं कोण पुढे बसतं, कोणाला खिडकी लागते, कोणाच्या बुटाची नाडी गाडीत बसेपर्यंत कधीच बांधलेली नसते, हे सगळं त्यांना पाठ. सर्वांत मागच्या सीटवर एक लहानगी बसायची. ती रांगेत कायम शेवटी, म्हणून बाकीच्यांनी तिचं नाव शेपटी ठेवलं होतं. या शेपटीला दोन वर्षांपासून खोकला होता. तिच्या आईचं म्हणणं, हवा बदलली की होतं असं. काकूही हो म्हणायच्या आणि शेपटीच्या अंगावरची शाल नीट करायच्या.

आणि मग शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. फाटकाशी गाड्या उभ्या राहतात, तिथे लागूनच पहिलीचा वर्ग आहे, धूर खिडकीतून आत येतो, पालकांच्या तक्रारी आहेत. तेव्हा येत्या सोमवारपासून, सरकारी केंद्रात धुराची चाचणी पास केल्याचा दाखला ज्या गाडीकडे नसेल तिला फाटकातून आत घेतलं जाणार नाही. त्या गाडीतल्या मुलांची सोय शाळा मोठ्या बसमध्ये करेल.

पत्र वाचून काकू हसल्याच. त्यांच्याकडे दाखला होता की. दर वर्षी त्यांचे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, दाखला आणून द्यायचे. भाऊजींचं गॅरेज होतं, गाडीचं सगळं तेच बघायचे. पण हा दाखला कोपऱ्यावरच्या टपरीतला होता. टपरीतला माणूस भाऊजींचा मित्र. तो नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि बाकीचं मनाने लिहायचा. मोठ्या बाईंनी तो कागद उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता परत दिला. त्यांच्या न बोलण्याचाच काकूंना जास्त राग आला.

म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार. मुलांना शाळेत सोडायचं आणि केंद्राच्या रांगेत गाडी लावायची. केंद्र म्हणजे एक लांबट शेड, मधोमध खाली उतरायचा खड्डा, भिंतीशी एक यंत्र आणि यंत्राला जोडलेली लांब नळी. ती नळी गाडीच्या धुराड्यात घालणारा माणूस पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. रांगेतले सगळे त्याला नळीवाले म्हणायचे. तो सावकाश चालायचा, सावकाश बोलायचा. घाई असलेल्या माणसाला असा माणूस भेटू नये, पण नेमका भेटतो.

"इंजिन गरम आहे ना?" त्याने तिन्ही दिवस विचारलं.

तिन्ही दिवस काकूंनी सांगितलं, की आहे, आत्ताच मुलं सोडून आले. नळी आत जायची, यंत्रावरचे आकडे चढायला लागायचे. चढताना ते कुठेतरी थांबतील म्हणून काकू बघत राहायच्या. आकडे मर्यादेपाशी यायचे, तिच्यावरून निघून जायचे आणि पार चौपटीवर जाऊन बसायचे. नळीवाले एक कागद फाडून हातात द्यायचे. त्यावर ठसठशीत 'अनुत्तीर्ण'. हा शब्द काकूंना शाळेतसुद्धा कधी मिळाला नव्हता.

सोमवारी दुपारी भाऊजींनी प्लग बदलले. हवेची जाळी बदलली. म्हणाले, वहिनी, आता बघा, धूर कसा अत्तरासारखा येतो. मंगळवारी अत्तर नापास झालं. मग त्यांनी ऑइल बदललं, पाइपावरचा सेन्सर काढून पुसला, परत बसवला. टपरीवाल्या मित्राने सांगितलं म्हणून टाकीत कसलीशी बाटली ओतली. बुधवारी आकडा आणखी वर गेला. तोपर्यंत सल्ला देणाऱ्यांची कमी राहिली नव्हती. रांगेतल्या टेम्पोवाल्याने सांगितलं, टाकी अर्धीच ठेवा. रिक्षावाल्याने सांगितलं, भरून ठेवा. भाजीवालीने तर तपासणाऱ्या माणसाची नजरच वाईट आहे असं ठरवून टाकलं. काकूंनी सगळ्यांचं ऐकलं आणि सगळ्यांचं ऐकून डोकं दुखून आलं.

बुधवारी त्या नळीवाल्यांवर उखडल्या. आवाज चढवायचा त्यांचा स्वभाव नव्हता, मुलांवरही चढवायच्या नाहीत. पण त्या दिवशी म्हणाल्या, तीन दिवस मी तुमच्या दारात येते, तीन दिवस तुम्ही कागद फाडून देता, काय बिघडलंय ते सांगायला तोंड नाही का तुम्हाला?

नळीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते म्हणाले, बाई, माझं काम नळी घालायचं, दुरुस्तीचं नाही. पण उद्या जरा लवकर या. रांग लागायच्या आधी गाडी खड्ड्यावर घेऊ.

गुरुवारी काकू लवकर गेल्या. गाडी खड्ड्यावर उभी केली. नळीवाले खाली उतरले आणि काकूंनाही या म्हणाले. साडीचा पदर कमरेला खोचून काकू खाली उतरल्या. इतकी वर्षं ती गाडी चालवली, पण तिचं पोट त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. सगळं काळं, मातीने माखलेलं. इंजिनाकडून एक पाइप मागे येत होता, आणि मध्येच तो पाइप फुगून एक लोखंडी डबा झाला होता. लांबट, गोलसर, साधारण भाकरीच्या डब्याएवढा. पलीकडून परत पाइप निघून मागे धुराड्यापर्यंत जात होता.

नळीवाल्यांनी खिशातून पाना काढला आणि डब्यावर हलकेच मारला. ठण्ण. पिंपावर मारावं तसं.

"रिकामा आहे," ते म्हणाले. "म्हणून."

काय म्हणून, ते काकूंना कळलं नाही. डबा रिकामा असला तर बिघडलं कुठे? त्यात काय भरून ठेवायचं असतं? आणि मग नळीवाल्यांनी सांगायला सुरुवात केली. वर घड्याळ पुढे चाललंय, बाहेर हॉर्न वाजायला लागलेत, आणि हा माणूस खड्ड्यात उभा राहून निवांत सांगतोय. काकू दर वाक्याला वर घड्याळाकडे बघत होत्या. पण थोड्याच वेळात त्या घड्याळ विसरल्या.

त्याचं सांगणं असं. इंजिनात पेट्रोल जळतं, पण पुरतं जळत नाही. चुलीवर कितीही लक्ष दिलं तरी धूर होतोच, तसं. त्या धुरातून तीन वाईट गोष्टी निघतात. एक कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, पण श्वासातून रक्तात शिरला की प्राणवायूच्या जागेवर बसतो आणि उठत नाही. दुसरी, न जळलेल्या पेट्रोलची वाफ. तिने डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. आणि तिसरी, नायट्रोजनचे ऑक्साइड. इंजिनाच्या भयंकर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन हवेतल्याच ऑक्सिजनला मिठी मारतो, आणि ती जोडी छातीत जाऊन खवखवते. लहान मुलांच्या छातीत जास्त.

या तिघांना वाटेत अडवायला तो डबा. त्यात एक चिनीमातीची वीट असते, पण भरीव नाही. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक नळ्यांची. त्या नळ्यांच्या आतून प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा इतका पातळ लेप, की डोळ्यांना दिसायचा नाही. धूर त्या नळ्यांतून जातो तेव्हा नायट्रोजनने घट्ट धरून ठेवलेला ऑक्सिजन तिथे सुटतो. नायट्रोजन बिचारा एकटा, निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत बहुतेक तोच तर असतो. आणि सुटलेला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडच्या आणि पेट्रोलच्या वाफेच्या पदरात पडतो. त्यांचं उरलेलं जळणं तिथे पुरं होतं. मागून निघते ती वाफ आणि कार्बन डायऑक्साइड. तोही काही देवाचा प्रसाद नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या पोराला त्याने खोकला येत नाही.

"आणि गंमत ही बाई, की तो लेप स्वतः संपत नाही. वर्षानुवर्षं तिथेच. येणारे बदलून जातात, तो तसाच."

हे ऐकून काकूंना आपल्या आईची आठवण झाली. त्या घरात भांडत शिरलेली माणसं बोलून बोलून निवून बाहेर पडायची, आणि आई काही विशेष बोललेलीही नसायची. काही माणसं अशी असतात. त्यांच्याजवळून नुसतं गेलं तरी माणसातलं वाईट थोडं उतरतं, आणि त्यांचं स्वतःचं काही कमी होत नाही. भल्याची संगत म्हणतात ती हीच असावी. लोखंडाच्या डब्यात, गाडीच्या पोटाखाली, चिखलात कोणीतरी ती बसवून ठेवली होती, आणि काकूंना पत्ता नव्हता.

"मग माझ्या डब्यातलं पोळं गेलं कुठे?" त्यांनी विचारलं.

ते आपोआप जात नाही, असं नळीवाले म्हणाले. कधी आतून वितळतं, चोंदतं, तुटून खुळखुळतं. पण इथे खुळखुळायलाही काही नाही. हा डबा उघडून, सळईने फोडून, झाडून काढलाय कोणीतरी. कडेला पान्याचे व्रण आहेत बघा. आणि वर येताना त्यांनी शेवटच्या सीटजवळच्या मागच्या दाराचं रबर बोटाने चाचपलं. ते फाटलेलं होतं. धूर इथून आत येतो, एवढंच ते म्हणाले. शेपटी कुठे बसते ते त्यांना माहीत नव्हतं. काकूंना होतं.

त्या तिथून निघाल्या त्या सरळ गॅरेजात. गाडीत त्यांच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मी दोन वर्षं या पोरीला शाल पांघरतेय.

भाऊजी एका गाडीखाली आडवे होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. काकू त्या पायांशी बोलल्या. आमच्या गाडीतला डबा रिकामा कोणी केला, असं विचारलं.

पाय हलायचे थांबले. भाऊजी फळीवरून सरकत बाहेर आले, तोंडाला काळं, आणि तोंडावर खरंखुरं आश्चर्य.

"मी केला. तुम्हीच तर सांगितलंत वहिनी."

"मी?"

"डबा साफ करून पाठवा म्हणालात."

काकूंना आधी काहीच आठवेना. मग आठवलं आणि त्या तिथल्याच एका जुन्या टायरवर बसल्या. दोन वर्षांपूर्वी ब्रेक दुरुस्त करायला त्यांनी गाडी गॅरेजात ठेवली होती. सोबत भाऊजींना जेवणाचा डबा दिला होता. तीन खणांचा, स्टीलचा, नवऱ्याचा डबा. दुपारी फोन करून ब्रेकचं विचारलं आणि ठेवता ठेवता म्हणाल्या, आणि हो भाऊजी, डबा साफ करून पाठवा. पलीकडून उत्तर आलं होतं, करतो की, त्यात काय.

आता गॅरेजच्या भाषेत डबा म्हणजे तो, पाइपातला. आणि डबा साफ करणं म्हणजे त्यातलं पोळं फोडून टाकणं. गाडी चढावर दमायला लागली, की तो मोकळा करून घेणारे खूप असतात. धुराला अडथळा नाही, की गाडी जरा मोकळी पळते. भाऊजी सांगायला लागले की त्यांना त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. वहिनी गाडीतल्या जाणकार झाल्या म्हणून. दुसऱ्या ड्रायव्हरांनी त्यांना सांगितलं असणार, आणि गाडी चढाला खेचतही नव्हतीच. सबंध दुपार त्यांनी डबा आतून खरवडून काढला. आतलं काढलेलं भंगारवाला हसत हसत घेऊन गेला, एवढा खूश का झालाय म्हणून भाऊजींना जरा नवलही वाटलं होतं.

"आणि गाडी पळायला लागल्यावर तुम्ही म्हणालात ना, ब्रेक छान झालेत."

"ब्रेकचंच म्हणाले होते मी."

"मला वाटलं, चारचौघांत डब्याचं बोलायचं नाही म्हणून असं म्हणताय."

हसावं की रडावं, काकूंना कळेना. कारण त्या दिवसाची दुसरी बाजू फक्त त्यांना माहीत होती. गाडीबरोबर जेवणाचा डबा परत आला होता तो तसाच, खरकटा, झाकणाखाली भाजी वाळून चिकटलेली. नवऱ्याचा डबा. सांगूनसुद्धा. दिराने साधा विसळलासुद्धा नाही. तो त्यांनी तीनदा घासला, वर फडताळात ठेवला, आणि त्यानंतर भाऊजींना त्यांनी एकदाही जेवण पाठवलं नाही. भाऊजी दोन वर्षं दुकानातलं काहीबाही खात राहिले. त्यांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. एका शब्दाने दोन डबे खराब केले होते. जो घासायचा तो खरकटा राहिला आणि जो खरकटा राहायला हवा होता तो घासून ठेवला.

हे त्यांनी भाऊजींना सांगितलं. भाऊजी बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. तो पाना कधीच इतका पुसला गेला नसेल.

काकूंनी विचारलं, असे आणखी किती साफ केलेत? भाऊजींनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हाताची बोटं आल्यावर मोजायचं सोडून दिलं.

मग उपाय. नवा डबा कंपनीतून मागवायचा तर यायला तीन आठवडे. बाजारात स्वस्तातला मिळतो, पण त्यात लेप असतो की नुसती वीट, ते देवालाच ठाऊक. सोमवार तर चार दिवसांवर. शनिवार-रविवार केंद्र बंद. म्हणजे उद्या, शुक्रवारी पाचच्या आत. काकूंनी तोंडावर हात ठेवला. नऊ मुलं मोठ्या बसमध्ये चढतायत, बसवाला कोणाच्या बुटाची नाडी बांधायला थांबत नाहीये, असं काहीतरी त्यांना दिसायला लागलं. एकदा बसची सवय लागली की मुलं परत येणार नव्हती. आणि मुलं गेली की त्या गाडीला आणि गाडीवाल्या काकूंना कामच उरणार नव्हतं.

भाऊजींना मात्र एक युक्ती सुचली. ते म्हणाले, वहिनी, माझी गाडी. दोघा भावांनी एकाच दिवशी एकाच बनावटीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. भाऊजींची गॅरेजच्या मागे उभी असायची, सुटे भाग आणायला. तिचा डबा त्यांनी कधी साफ केला नव्हता. लोकांच्या गाड्यांतून वेळ मिळाला तर स्वतःच्या गाडीकडे बघणार ना. दोन नंबरप्लेटी, आठ स्क्रू. तुमची प्लेट माझ्या गाडीला लावायची, नळी घालून घ्यायची, दाखला घ्यायचा, परत आठ स्क्रू. दहा मिनिटांचं काम. टपरीपेक्षा तर प्रामाणिकच आहे, नळी खरीच आत जाते.

ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलेसुद्धा. काकूंनी तो हातात घेतला.

खोटं कशाला सांगायचं, त्यांना ते पटलं होतं. पहिला स्क्रू त्यांनी स्वतः सैल केला. देवा, तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे, नवा डबा आला की लगेच बसवते, असं मनात म्हटलंसुद्धा. आपण चुकीचं करायला निघालो की देवाशी हप्ते ठरवायला लागतो. दुसऱ्या स्क्रूशी त्यांचा हात थांबला. तीन आठवडे. सकाळ-दुपार. मागची सीट, फाटलं रबर.

"भाऊजी, तुमची गाडी पास होईल ती कशामुळे?"

"तिचा डबा शाबूत आहे म्हणून."

"मग प्लेट कशाला बदलता? डबा बदला."

भाऊजींनी वळून गॅरेजच्या मागे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, मग माझी गाडी?

तुमची उभी राहील, असं काकू म्हणाल्या. तीन आठवडे तुम्ही पायी जा. पोट पण कमी होईल.

भाऊजी मागे गेले, आपल्या गाडीखाली वाकले, डब्यावर पाना मारला. ठप्प. भरलेल्या मडक्यावर मारावं तसा. तो आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, की काकूंना त्यांची थोडी दया आली. थोडीच.

म्हणायला सोपं होतं, डबा बदला. शुक्रवारी मुलांना शाळेत सोडून काकू आल्या तर भाऊजी आपल्या गाडीखालीच होते, आणि डबा हलत नव्हता. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल सोडलं, ठोकलं, गॅसच्या ज्योतीने तापवलं. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा अर्धा फिरला आणि मान मोडून आतच राहिला. भाऊजी गाडीखालून काहीतरी पुटपुटले, ते काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मोडका बोल्ट ड्रिलने काढता काढता दुपार झाली. काकू मुलांना आणायला निघाल्या त्या उसनी गाडी घेऊन, टेम्पोवाल्याची. मुलांना फार मजा वाटली. शेपटी पहिल्यांदाच पुढे बसली, आणि वाटेत एकदाच खोकली. काकूंनी ते मोजलं.

परत आल्या तेव्हा चार वाजून गेले होते. डबा त्यांच्या गाडीत बसला होता आणि भाऊजी मागच्या दाराला नवं रबर दाबून बसवत होते. ते काही काकूंनी सांगितलं नव्हतं. दोघं गाडीत बसले आणि निघाले. तेवढ्यात काकूंना आठवलं, नळीवाल्यांनी कालच सांगितलं होतं. तो डबा गार असला तर झोपलेला असतो. तीनशे अंशांच्या वर तापला तरच कामाला लागतो. म्हणून तर ते रोज इंजिनाचं विचारत. काकूंनी केंद्राकडचं वळण सोडून गाडी मोठ्या रस्त्याला घातली.

"वहिनी, पावणेपाच!"

"मला घड्याळ दिसतं."

मोठ्या रस्त्याने पूल ओलांडून, वळसा घालून, चढावरून परत. चढाला गाडी जरा दमली. पूर्वी दमायची तशी. काकूंना ते दमणं फार ओळखीचं वाटलं, नवरा चालवत असतानाचं. भाऊजी एका हाताने दाराची कडी धरून बसले होते.

केंद्रात पोचल्या तेव्हा पाचला सात मिनिटं होती आणि पुढे एक ट्रक होता. इंजिन बंद करू नका, असं म्हणत नळीवाले स्वतःच शेडच्या बाहेर आले. ट्रकचं झालं. काकू आत आल्या. नळी आत गेली. आकडे चढायला लागले. काकू बघत होत्या. भाऊजी बघत नव्हते, त्यांनी पाठ फिरवली होती. आकडे मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे थांबले, जरासे हलले आणि तिथेच राहिले.

नळीवाल्यांनी कागद फाडला. या कागदाचा रंग वेगळा होता, एवढंच काकूंच्या लक्षात आलं. मग ते भाऊजींकडे वळले. हा डबा कुठून आला, असं त्यांनी विचारलं. माझ्या गाडीतला, असं भाऊजी म्हणाले. नळीवाले म्हणाले, मग तुमच्या गाडीची चाचणी कधी? भाऊजींनी खाली बघितलं. पायी चालतोय तोवर नाही, एवढंच उत्तर त्यांच्याकडे होतं. शिवाय बोटांवर मोजून सोडून दिलेल्या त्या सगळ्या गाड्या होत्याच. त्यांच्या मालकांना आता एकेक करून फोन करावा लागणार होता, आणि 'साफ' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार होता. त्यात बरेच जण भांडणार होते.

सोमवारी गाडी फाटकातून आत गेली. मोठ्या बाईंनी दाखला उलटसुलट करून बघितला आणि या वेळीही काही बोलल्या नाहीत. काकूंना या वेळीही राग आलाच. पाच दिवसांची धावपळ, आणि एक शब्द नाही. नऊ मुलं उतरली, शेपटी सर्वांत शेवटी. तिची शाल सीटवर राहिली होती, ती काकूंनी हाक मारून दिली. खोकला एका दिवसात जाणार नव्हता. पण आता निदान आपली गाडी तो वाढवत नाही, एवढं म्हणायला जागा होती.

घरी आल्यावर त्यांनी फडताळातून तीन खणांचा डबा काढला, विसळला, भरला. दुपारी गॅरेजात नेऊन भाऊजींच्या पुढ्यात ठेवला. भाऊजींनी झाकण उघडलं आणि बराच वेळ नुसता वास घेतला. काकू निघाल्या, दारापर्यंत जाऊन परत आल्या. आता हे नीट सांगायला हवं होतं. पुढ्यात ठेवलेल्या डब्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक शब्द सुटा केला.

"हा. जेवणाचा. डबा. हा साफ करून पाठवा. फक्त हा."

भाऊजींनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, वहिनी, आरशासारखा करतो.

संध्याकाळी डबा आला. पायी चालत भाऊजी स्वतः घेऊन आले आणि दारातूनच देऊन गेले. खरोखर आरशासारखा होता. इतका लखलखीत तो नवा असतानाही नव्हता. काकूंना भरून आलं. त्यांनी तो छातीशी धरला, मग झाकण उघडलं, आणि नाक आत घालताच मागे सरल्या.

गॅरेजात कुठलीही वस्तू साफ करायची तर ज्याने करतात, त्यानेच भाऊजींनी तो साफ केला होता. तिन्ही खण, झाकणासकट, पेट्रोलने.

काकूंनी पाणी उकळायला ठेवलं.